वीस मिनिटं

ओल्श्टिनमध्ये सकाळी सहाला अजून काळोख असतो.
डेअरीच्या मागच्या प्रयोगशाळेत मी दिवा लावते,
कोट चढवते, फ्रीजमधून यीस्टचा गोळा काढते.
करडा, मऊ.
रात्रभर झाकलेल्या कणकेचा वास,
थोडा शिळा, थोडा माणसाचा.

हट्टी जात.
दुधातली साखर फोडणारं विकर यांच्यापाशी मुबलक,
पण सगळं पोटात.
बाहेर भिंत, भिंतीला लागून पातळ पडदा,
पडद्यामागे कोठार,
आणि साखर दाराशी ताटकळलेली.
एकेक कण आत घेतात, तोही नाक मुरडत.
माझ्यामागे टँकरभर दूध उभं आहे, बायांनो,
आणि तुमची एकच खिडकी.

डॉक्टर ग्रोखोल्स्का म्हणतात, भोकं पाड, फोडू नकोस.
फोडलंस तर ऐवज सांडेल,
गाळत बसशील जन्मभर.
त्यांच्या तरुणपणी टोल्युइन वापरायचे.
दारं सताड उघडायची म्हणे,
पण रंगाऱ्याच्या डब्याचा तो वास
दुधात कोण घालणार?

म्हणून साधी दारू, पाणी घालून.
तीस टक्क्यांना पडदा हलत नाही.
सत्तरला आतलं विकरच आखडतं,
उकडलेल्या अंड्यासारखं.
मधे कुठेतरी एक अरुंद जागा आहे.
तिथवर पोचायला मला
सबंध ऑक्टोबर लागला
आणि एकशे बारा नळ्या.
वीस मिनिटं. अधूनमधून हलवायचं.
एकोणिसाव्या मिनिटाला मी श्वास धरते,
का ते मला माहीत नाही.

मग दोनदा धुणं, यंत्रात गरगरवणं,
आणि दोन नळ्या शेजारीशेजारी.
डावीकडे न छेडलेल्या पेशी, पाणी तसंच पाणी.
उजवीकडे आधी काहीच नाही,
मग तळाशी एक शंका,
मग पिवळं, पिवळं,
मेच्या शेवटी बार्चेवोच्या रस्त्याला
दोन्ही अंगांनी रेप फुलतं, तसं.

त्या रस्त्यावर बाबा एकतीस वर्षं दुधाचे कॅन वाहायचे.
ब्रोनिस्वाव म्हटलं की पहाटेची कुत्रीसुद्धा भुंकत नसत.
ऑपरेशननंतर दूध पचेना.
तक्रार नाही केली, कप फक्त पालथा ठेवला.
आई गेली तेव्हाही तसंच.
गावातले लोक भेटायला आले,
त्यांनी त्यांच्याशी बटाट्यांच्या भावावर बोलणं काढलं.
ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस,
भांडंही कुठे ठेवलं ते विसरला असावा.
मी त्यांचीच मुलगी.
आम्ही दोघं एका टेबलाशी जेवतो,
मिठाची बरणी इकडून तिकडे जाते.

काल बाटली घेऊन गेले.
जाळीच्या मण्यांत बसवलेल्या माझ्या पेशी,
त्यांच्यावरून रात्रभर संथ सोडलेलं दूध.
मण्यांपैकी एकही बाटलीत उतरलेला नाही,
तीनदा पाहिलं.
बाबांनी घोट घेतला, थांबले, ओठ चाटले.
"साखर घातलीस?"
"नाही. होती तीच. फुटली की गोड लागते."

अर्धा ग्लास संपला.
बाहेर बर्फाचं वाहन गेलं, काचा थरथरल्या.
"आणि ते तुझे किडे?"
"किडे नाहीत. यीस्ट."
"जिवंत?"
"नाही, दारूत मरतात.
पुन्हा कोंब फुटत नाही त्यांना."
त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला,
जसं काही आत कुणी दिसेल.
"मग काम कोण करतं?"

याचं उत्तर मला येतं.
विकर, त्याची घडी, पडद्यातली छिद्रं,
आकृती काढून दाखवता आली असती.
पेनही हातात होतं.

ते उठले, ग्लास विसळला, उभाच ठेवला.
दाराशी गेल्यावर, पाठ माझ्याकडे,
दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसे म्हणाले:
"तुझ्या आईच्या शिलाई मशीनला
तेल घालायला हवंय.
तेल आहे का घरात?"